मुखपृष्ठावरची मुलगी

पिंपळनेरच्या बाजारपेठेत आमचे केस कापणारा एक ठरलेला कारागीर आहे. महिन्यातून एकदा आम्ही त्याच्याकडे जातो आणि लग्नसराई असली की हमखास तासभर तिष्ठत बसतो. त्याच्या बाकड्यावर जुन्या मासिकांचा एक गठ्ठा असतो; परंतु त्या गठ्ठ्यातील एकाही अंकाला मुखपृष्ठ नाही. मुखपृष्ठे सगळी भिंतीवर आहेत. आरशाच्या वर सप्तशृंगी देवीचे कॅलेंडर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांनी, चिकटपट्टीने, काही ठिकाणी तर खळीने लावलेल्या नट्या. वर्षानुवर्षे दारातून येणारे ऊन खाऊन या चित्रांतील तांबडा आणि पिवळा रंग उडून गेला आहे. मागे राहिला आहे तो केवळ निळा. एके काळच्या गोऱ्यापान नायिका आता निळसर सावळ्या झाल्या आहेत. ज्यांना उजळ करण्यासाठी मुंबईत एवढे दिवे लागले, त्यांना पिंपळनेरच्या उन्हाने चारपाच वर्षांत आपल्या रंगात आणून सोडले, हे पाहून आम्हाला प्रत्येक वेळी थोडे हसू येते.

धर्मगुरूने अशा चित्रांकडे पाहावे की पाहू नये, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. गळ्याभोवती पांढरे फडके बांधले गेले आणि मान पुढे वाकवली गेली, की माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. समोर जे असेल ते पाहावे लागते. आम्ही पाहिले. इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिले, की त्यांची रचना आम्हाला पाठ झाली. चेहरा नेहमी समोर, डोळे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. कारण हे चित्र घरातल्या भिंतीसाठी काढलेले नसते, स्टेशनवरच्या दुकानात घाईने जाणाऱ्या माणसाला थांबवण्यासाठी काढलेले असते. नटीचे मस्तक मासिकाच्या नावावर थोडेसे चढलेले असते आणि नावातील एखाददुसरे अक्षर झाकले जाते. ते अक्षर न दिसताही नाव ओळखले जाते, हा त्या मासिकाचा तोरा. वस्त्रे कोणती, दागिना कोणता, हे ठरवणारा एक, केस बांधणारा दुसरा, रंगभूषा करणारा तिसरा, छायाचित्रकार चौथा, आणि या सर्वांच्या पश्चात संगणकापुढे बसून डाग, सुरकुत्या, घाम आणि पुष्कळदा वर्णही पुसणारा पाचवा. आतल्या पानावर बारीक अक्षरांत या मंडळींची नावे येतात आणि अंगावरचे कपडे कोणत्या कंपनीचे आहेत तेही येते.

या साऱ्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु धर्मगुरूंनी ती जपूनच करावी. हंगामानुसार वस्त्रांचा रंग बदलणारा आमच्याइतका जुना वर्ग जगात क्वचितच असेल. आगमनकाळात जांभळा, नाताळात पांढरा, पेन्टेकॉस्टला लाल आणि सामान्यकाळात हिरवा. त्यावर सोनेरी कलाबतू, आणि ती कोणत्या मठातील भगिनींनी काढली याची सॅक्रिस्टीत होणारी चौकशी. नटण्यामुरडण्यात मुळात पाप असते, तर पहिली कबुली आम्हालाच द्यावी लागली असती.

हे शहाणपण मात्र आम्हाला उशिरा आले. १९९४ साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या, तेव्हा देशातील बहुतेक प्रत्येक मासिकावर त्याच दोघी होत्या. आम्ही त्या वेळी सेमिनरीचे विद्यार्थी होतो आणि खानदेशातल्याच एका मुलींच्या वसतिगृहात काही महिने मदतनीस म्हणून आलो होतो. मुलींच्या पत्र्याच्या पेट्या असत. एके दिवशी पेट्यांची तपासणी झाली आणि झाकणांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली मुखपृष्ठे सापडली. रोज रात्री झाकण उघडून, दिवा मालवण्यापूर्वी क्षणभर त्यांच्याकडे पाहून मुली झोपत असत. आम्ही ती काढायला लावली. वर संत पेत्राच्या पहिल्या पत्रातील स्त्रियांच्या वेणीफणीविषयीचा आणि सोन्याच्या दागिन्यांविषयीचा उपदेश समजावून सांगितला. वय तेवीस, जगाविषयी खात्री पुष्कळ. मुलींनी मुकाट्याने नखांनी कागद खरवडून काढले. पेट्यांच्या झाकणांवर पांढरे ओरखडे राहिले, आणि पुढे कित्येक महिने त्या ओरखड्यांकडे पाहून मुली झोपल्या असतील. त्या मुलींना त्या चित्रांत काय दिसत होते, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही.

काय दिसत असेल, याचा थोडा अंदाज आता करता येतो. मासिकाचे मुखपृष्ठ ही आपल्या मराठी घरांना नवी गोष्ट नव्हे. किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघू लागले आणि कुटुंबातील बाईच्या हाती तिच्या नावाचे असे काहीतरी आले. पुढे दिवाळी अंकांचा काळ आला. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोमंतकाच्या मातीतले चित्रकार. त्यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या स्त्रिया दिवाळीत घरोघरी येत. फराळाच्या डब्यांबरोबर अंकही शेजारी पाजारी फिरत. त्या स्त्रिया सुंदर होत्या यात शंका नाही. अंबाड्यावर गजरा, हातात तबक, अंगावर जरीचे लुगडे. पण आमच्या बालपणी, आमच्या आळीत, तशी एकही स्त्री राहत नव्हती. दलालांना किंवा मुळगावकरांना त्याचा दोष देण्याचे कारण नाही. चित्रकाराने स्वप्न रंगवले; लोकांनी ते वर्षभर खुंटीजवळ टांगून ठेवले. पुढे कुंचल्याची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि एक बारीकसा फरक पडला. चित्राला आपण चित्र म्हणतो, छायाचित्राला मात्र खरे मानतो. पेटीच्या झाकणावरची बाई खरोखरच कुठेतरी तशीच आहे आणि आपण तशा नाही, अशी मुलींची समजूत होते. मधल्या त्या पाचव्या माणसाविषयी त्यांना कोणी सांगितलेले नसते.

यात एक अपवाद आम्हा खानदेशी माणसांना अभिमानाने सांगता येतो. स्मिता पाटील यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झाला. पण त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे आमच्याच धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. सावळा वर्ण, रुंद कपाळ, आणि जे डोळे कोणत्याही रंगभूषेला जुमानत नाहीत असे डोळे. मुंबई दूरदर्शनवर त्या बातम्या वाचत, तेव्हा जीनच्या पँटवरच हातमागाची साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसत, असे सांगितले जाते. गोऱ्या नायिकांच्या त्या काळात हा चेहरा चित्रपटांच्या मासिकांवर आला आणि टिकला. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये त्या ठाकर स्त्री झाल्या, १९८१ च्या ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतील स्त्री झाल्या. ‘चक्र’च्या जाहिरातीसाठी त्यांच्या स्नानाचे दृश्य वापरले गेले. चित्रपटात ते दृश्य दारिद्र्याचे होते. फलकावर तेच दृश्य निराळे झाले. ही रीत त्यांना मुळीच रुचली नाही आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. सलूनच्या त्या भिंतीवर त्यांचे चित्र नाही. त्या कारागिराचा जन्म त्यांच्यानंतरचा आहे. तरी आम्ही त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, “फादर, ती आपलीच होती म्हणतात. पण तिचा रंगीत फोटो कुठे मिळत नाही.”

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो आणि जिच्याभोवती इतका वेळ घुटमळत राहिलो, ती सांगणे भाग आहे.

२०१२ साली आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या स्थापनेला २५ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामानेही एक छोटी स्मरणिका काढावी असे ठरले. लेख जमले, देणगीदारांच्या जाहिराती जमल्या, मुखपृष्ठ तेवढे राहिले. वसतिगृहातील एका मुलीचे छायाचित्र आमच्याकडे होते. दहा वर्षांची कोकणा मुलगी. प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराचा दिवस. सिस्टरांनी शिवलेला पांढरा झगा, केसांत अबोलीचा गजरा, हातात मेणबत्ती. छायाचित्र एका गावकऱ्याच्या साध्या कॅमेऱ्यातून आलेले होते. तिच्या मागे कुडाची भिंत होती, पायांखाली शेणाने सारवलेले अंगण होते. ती हसत नव्हती. मेणबत्ती विझू नये म्हणून सगळे लक्ष ज्योतीकडे लावून उभी होती. ते चित्र आम्हाला फार आवडले होते. म्हणूनच ते आम्ही छापखान्यात घेऊन गेलो.

छापखान्यातील मुलगा कुशल होता. पडद्यावर चित्र मोठे करून तो म्हणाला, “फादर, फोटो डार्क आहे. छपाईत आणखी काळवंडेल. थोडा उजळ करू का?” आम्ही म्हणालो, “करा.” एवढाच शब्द. त्याने माउस फिरवला आणि आमच्या डोळ्यांदेखत मुलीच्या कपाळावरून, गालांवरून, मेणबत्ती धरलेल्या बोटांवरून रंग उतरत गेला, जणू कोणी ओले फडके फिरवत होते. मग कुडाची भिंत गेली आणि तेथे फिकट निळे आकाश आले. मग त्याने चौकट खालून कापली, कारण शीर्षकाला जागा हवी होती. आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पीत होतो. दुसऱ्या दिवशी कच्ची प्रत आली ती आम्ही लाल शाईने तपासली. एका शब्दाची वेलांटी चुकलेली सापडली, ती दुरुस्त केली. मुलीचा चेहरा आम्हाला ठीक वाटला.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला मुलीची आई आली होती. ती दर वर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाई. त्या वर्षी मुलीचे चित्र पुस्तकावर येणार म्हणून मुकादमाकडून दोन दिवस मागून थांबली होती. आम्ही मंचावरून खाली उतरून स्वतःच्या हातांनी तिला प्रत दिली. तिने ती उलटी धरली, मग सुलटी केली, मग बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “हाई मन्ही पोर नही शे, फादर.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. बाई अडाणी आहे, छापील चित्र ओळखू येत नाही, असे आम्हाला वाटले. तिची समजूत घालण्यासाठी आम्ही मुलीलाच पुढे बोलावले आणि पुस्तक तिच्या चेहऱ्याशेजारी धरले. आज हे लिहिताना हात थांबतो. भर सभेत एका दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याशेजारी तिचाच पुसलेला चेहरा धरून, ‘पाहा, तीच आहे की नाही’ असे आम्ही लोकांना विचारले. मुलगी खाली मान घालून उभी राहिली. आईने पुन्हा एकदा पाहिले आणि काही न बोलता पुस्तक पदराखाली घेतले.

दोन महिन्यांनी वसतिगृहाच्या सिस्टरांनी सहज बोलता बोलता सांगितले, की त्या मुलीला कसलासा नाद लागला आहे. शाळेत जाण्यापूर्वी ती तोंडालाच नव्हे तर कोपरापर्यंत दोन्ही हातांना पावडर लावते, आणि ती संपली की खडू कुटते. सिस्टर हसत होत्या. आम्हाला हसता आले नाही. पेट्यांच्या झाकणांवरची मुखपृष्ठे खरवडायला लावणारे आम्ही. आणि या मुलीचे मुखपृष्ठ आम्ही स्वतः तिच्यावर लावले होते.

त्याच सुमारास एका जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रात आम्ही वाचले, की २०१० च्या अखेरीस ‘एल’ या फॅशन मासिकाच्या भारतीय आवृत्तीवर आलेल्या ऐश्वर्या राय यांच्या चित्रात त्यांचा वर्ण मुद्दाम उजळवला असल्याचा आरोप होऊन मोठा गवगवा झाला होता. जगातील सर्वांत सुंदर स्त्री म्हणून जिला मुकुट घातला, तिचाही रंग जर पुरेसा ठरत नसेल, तर पांझरेकाठच्या पोरीचा काय पाड लागणार? परंतु आमची अडचण निराळी होती. हा आरोप वाचून दुसऱ्या कोणावर रागावण्याचा हक्क आम्ही गमावून बसलो होतो. आम्ही मासिक विकत नव्हतो, साबण विकत नव्हतो. आमच्या पुस्तिकेला किंमतच नव्हती. तरीही आम्ही तेच केले, आणि कोणी सांगितल्यामुळे केले असेही नाही. ते आम्हाला आपोआप बरे दिसले. आपल्या समाजाच्या वधूवर सूचनांत ‘गोरी’ हा शब्द शिक्षणाच्याही आधी येतो. आपल्या वेदीवरील माउलीची मूर्ती गुलाबी गालांची आणि निळ्या डोळ्यांची असते. आणि गोरेपणाच्या मलमाने २०२० साली आपल्या नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला, तरी डबी बाजारात तशीच खपत राहिली. आमची नजर याच दुकानात घडलेली होती.

याहून वेगळी नजर आपल्याच धर्मसभेत होती, हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून अधिक लाज वाटली. पुण्यात सेमिनरीत असताना आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांची ओळख आम्हाला झाली होती. १९०२ साली गोव्यात जन्मलेला हा चित्रकार वैद्यकीचे शिक्षण सोडून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे शांतिनिकेतनात गेला, आणि परत येऊन त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली. त्याची मरिया सावळी आहे, कमरेवर मूल घेतलेली आहे, जमिनीवर बसलेली आहे. गोव्यातील अनेकांना हे सहन झाले नाही. फोन्सेकांनी पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, १९६७ साली मृत्यू येईपर्यंत, काम केले. आज त्यांची चित्रे गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सन्मानाने जतन केलेली आहेत. मेक्सिकोतील ग्वादालूपेची माउली १५३१ पासून सावळीच आहे आणि वेलंकणीची माउली साडीत आहे. तेथे लाखो लोक गुडघे टेकतात. शास्त्रातील ‘गीतरत्न’ या ग्रंथाची नायिका तर स्वतःच सांगते की आपण काळ्या आहोत आणि तरी सुंदर आहोत. भावांनी द्राक्षमळ्याची राखण करायला लावली म्हणून उन्हाने आपल्याला रापवले. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी बाया दर वर्षी नाशिककडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि तशाच रापून परत येतात. हे प्रवचन आम्ही दोनदा केलेले आहे. छापखान्यात चहा पिताना त्यातले एक वाक्य आठवले नाही.

वर्णाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक खोल अशी आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. ‘व्होग’ या मासिकाची भारतीय आवृत्ती २००७ साली निघाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००८ च्या अंकात, तिने आतल्या पानांवर एक चित्रमालिका छापली. त्यात खेड्यातील सामान्य माणसे होती. बोळक्या तोंडाच्या बाईच्या कडेवरील बाळाला फेंडी कंपनीचे लाळेरे, खेडूत माणसाच्या हातात बर्बेरीची छत्री, मोटारसायकलवर बसलेल्या गृहिणीच्या हाती लाखो रुपयांची पर्स. देशात आणि परदेशात त्यावर कडक टीका झाली. टीकाकारांनी एका गोष्टीवर नेमके बोट ठेवले: लाळेऱ्याच्या कंपनीचे नाव छापले होते, छत्रीच्या कंपनीचे छापले होते, पण ज्या माणसांच्या अंगावर या वस्तू होत्या त्यांची नावे कोठेही नव्हती. ती केवळ ‘बाई’ आणि ‘माणूस’ होती.

हे वाचून आम्ही कपाटातून आमची स्मरणिका काढली. दुसऱ्या पानावर संपादक म्हणून आमचे नाव होते. छापखान्याचे नाव होते, अक्षरजुळणी करणाऱ्याचे होते, ‘मुखपृष्ठ सजावट’ म्हणून त्या कुशल मुलाचे होते; मलपृष्ठावर झाडून सगळ्या देणगीदारांची नावे होती, आणि त्यांतील एकाचे चुकले म्हणून आम्ही पुढे दिलगिरीही प्रसिद्ध केली होती. मुलीचे नाव नव्हते.

मासिकांच्या जगातही सगळेच आंधळे नसतात, हे न्यायाने म्हटले पाहिजे. करोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये ‘व्होग’च्या इटालियन आवृत्तीने आपले मुखपृष्ठ कोरे, पांढरे ठेवले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश आवृत्तीने एक आगगाडीची चालक, एक सुईण आणि एक दुकानात काम करणारी मुलगी यांना मुखपृष्ठांवर घेतले, आणि त्यांची नावे छापली. मग एप्रिल २०२३ आला. आमचे एक सहाध्यायी धर्मगुरू फिलिपिन्सहून सुट्टीवर आले, त्यांनी येताना तेथील ‘व्होग’चा अंक आणला. मुखपृष्ठावर १०६ वर्षांची म्हातारी! कलिंगा प्रांतातील डोंगराळ गावात राहणारी आपो वांग-ओद. तिचे दुसरे नाव मारिया ओग्गाय. मुलगी होती तेव्हापासून ती बांबूच्या काडीला काटा लावून, काजळीच्या रंगाने लोकांच्या अंगावर गोंदत आली आहे. ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आलेली ती सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती. चेहऱ्यावरची एकही सुरकुती कोणी पुसलेली दिसत नव्हती, आणि गळ्याखालचे, हातांवरचे सगळे गोंदण स्पष्ट होते.

तो अंक आम्ही एका पाड्यावर घेऊन गेलो. तेथे आमची एक नव्वदीची आजी आहे, तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण आहे. नातसुनांना तिच्या गोंदणाची लाज वाटते. लग्नाच्या फोटोत तिला मागे उभी करतात. आजीने मासिक मांडीवर घेतले. आम्ही काही समजावून सांगण्याच्या आत तिने बोट ओले करून त्या म्हातारीच्या हातावरून फिरवले, रंग निघतो का ते पाहिले, आणि म्हणाली, “बाईनं गोंदन पक्कं शे.” मग तिने आमच्याकडे पाहून विचारले, “इनं नाव काय शे?” आम्ही नाव सांगितले. तिला ते उच्चारता आले नाही. मारिया मात्र आले. जाताना आम्ही अंक परत मागणार होतो, तो मागवला नाही.

मधली सहा वर्षे आमची बदली झाली होती. पुन्हा पिंपळनेरला आलो तेव्हा ती मुखपृष्ठावरची मुलगी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून सुरतेच्या बाजूला नोकरीला लागली होती. गेल्या नाताळात ती घरी आली आणि मिस्सा झाल्यावर आम्हाला भेटायला आली. आम्ही तिला कार्यालयात बसवले आणि जे बारा वर्षे सांगायचे राहिले होते ते सांगितले. आम्हाला वाटले होते, ती म्हणेल, जाऊ द्या फादर, लहानपणची गोष्ट. ती तसे म्हणाली नाही. ती म्हणाली, “ते पुस्तक आईने अजून ठेवले आहे. पेटीत, पालथे.”

मूळ छायाचित्र आम्ही जपून ठेवले होते, ते तिच्यापुढे ठेवले. तिने ते खिडकीजवळ नेऊन पाहिले. कुडाची भिंत, अंगण, ज्योतीकडे लागलेले डोळे. मग ती एकदम म्हणाली, “फादर, माझ्या पायांत चपला नव्हत्या!” खरोखरच नव्हत्या. शुभ्र झगा, गजरा, मेणबत्ती आणि खाली सारवलेल्या अंगणात दोन अनवाणी, धुळीने माखलेली पावले. छापखान्यात चौकट कापली गेली ती नेमकी त्यांच्यावरून. इतक्या वर्षांत ते चित्र आम्ही अनेकदा पाहिले होते, आणि तिचे पाय आम्ही कधी पाहिले नव्हते. नंतर तिने सांगितले, की त्या दिवशी चपला होत्या. पण मैत्रिणीच्या पायांत होत्या. दोघींमध्ये एकच जोड होता, आणि वेदीपुढे जाण्याची पाळी आधी मैत्रिणीची होती.

पुढील वर्षी धर्मग्रामाची नवी पुस्तिका निघेल. हे चित्र जसेच्या तसे, पायांसकट, मुखपृष्ठावर घ्यावे आणि खाली तिचे नाव छापावे, अशी आमची इच्छा आम्ही तिच्यापुढे मांडली. तिने थोडा विचार केला. “आता नको, फादर,” ती म्हणाली. “हे आईला देते.” आम्ही पाकीट शोधेपर्यंत तिने ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले होते.

गेल्या महिन्यात आजाऱ्याला ख्रिस्तशरीर देण्यासाठी त्या पाड्यावर गेलो असता त्यांच्या घरी डोकावलो. आई ऊसतोडीहून नुकतीच परतली होती. दाराच्या समोरच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, तिच्या शेजारी ते छायाचित्र काचेच्या चौकटीत लागले आहे. खाली पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने मुलीचे नाव लिहिले आहे, मोठ्या, काहीशा वाकड्या अक्षरांत. पहिले अक्षर दोनदा गिरवलेले. ते नाव येथे लिहावे म्हणून आम्ही सुरतेला फोन करून तिची परवानगी मागितली होती. ती नको म्हणाली, म्हणून लिहिलेले नाही.